हातचा

ग्रिम्सबीत, गोदीच्या मागच्या गल्लीत,
आमच्या धान्य-केंद्राचं छप्पर गळतं.
थेंब बादलीत पडतात, मी पावत्या लावतो.
एकतीस वर्षं बर्फाच्या कारखान्यात हिशेब लिहिले,
आता इथला खजिनदार. पगार नाही, चहा फुकट,
बिस्कीट ज्याचं त्याने आणायचं.

गुरुवारी ब्रायोनी स्टब्ज आली,
फिशप्लँटमधून थेट, रबरी बूटही न बदलता.
अंगाला हॅडॉकचा वास,
त्याची लाज मात्र केव्हाच धुतली गेलेली.
गेल्या हिवाळ्यात ती याच टेबलाच्या पलीकडे होती:
दोन पिशव्या, बीन्सचे डबे, डायपर,
आणि तेव्हा खाली घातलेली मान.
आज तिने एक पौंडाचं नाणं ठेवलं
आणि बोट त्यावरून लगेच उचललं नाही.

मी सवयीने फॉर्म सरकवला.
इथे नाव, इथे पत्ता,
आणि प्राप्तिकर भरत असाल
तर या चौकोनात बरोबरची खूण.
मग तुमच्या पौंडाला सरकार
पंचवीस पेन्स जोडतं.

तिने पेन उचललं. थांबली.
“टॅक्स तर मी रोज भरते, मिस्टर ऑटी.
शाम्पूवर भरते, विजेच्या कार्डावर भरते,
धाकट्याच्या बिस्किटाला चॉकलेट असलं तर भरते,
नसलं तर नाही.
म्हणून नसलेलंच घेते.
तो धरायचा का?”

तो धरत नाहीत.
तिची कमाई त्या रेषेच्या खाली,
जिथून माणूस करदाता म्हणवला जातो.
“मग जास्तीची पाळी घे,” मुकादम म्हणाला होता.
तिने मासे कापता कापता गणित केलं होतं:
शंभरातले पंचावन्न सरकारी मदतीतून वजा,
तीस शेजारणीला, रात्री मुलं सांभाळायचे,
हाती पंधरा,
आणि मुलं फक्त झोपलेली बघायची.

नाताळात कोल्ड स्टोरेजवाल्या थ्रॅपस्टनने हजार दिले होते.
खूण ठळक, दोनदा गिरवलेली.
आम्हाला वर अडीचशे मिळाले,
त्यालाही त्याच्या विवरणपत्रात काही परत मिळालं असणार.
माणूस वाईट नाही. त्याच्याच पैशांवर
आम्ही मार्च काढला.
तरी त्याचा पौंड आणि हिचा पौंड
शेजारी ठेवून पाहिले मी त्या रात्री.
राजाचं तोंड दोन्हीवर एकच.

खरं सांगतो, पेन माझ्याही हातात होतं.
एक तिरकी रेघ, कोण तपासतंय?
पण नियम पाठ आहे:
चुकीच्या खुणेची वसुली
दात्याकडून होते.
म्हणजे हिच्याकडून.
मी टोपण लावलं.

तिचा पौंड छपराच्या डब्यात गेला.
धर्मादाय म्हणून कौलांना सूट नाही,
सुताराच्या बिलावर वीस टक्के आहेतच.
म्हणजे तिच्या त्या एका नाण्यातले
जवळजवळ सतरा पेन्स
लंडनला जाणार, मुकाट्याने,
कुठल्याही चौकोनात न मावता.

शाळेत मिस पॉमफ्रेट कान धरायच्या:
“हातचा विसरलास, ऑटी!”
सत्तरी उलटली, हातचा विसरत नाही.
रात्री बेरीज करताना
प्रत्येक नावाच्या डोक्यावर बारीक अक्षरात मांडतो.
तिच्या ओळीवर काही मांडायला नव्हतं.
रकाना कोरा ठेवला,
मग उगाच पट्टीने त्याच्याभोवती चौकट आखली.

जाताना तिने विचारलं होतं,
“खूण नाही, तर नाव तरी लिहू?”
लिहिलं. मोठ्या अक्षरांत, ओळीबाहेर जाणारं,
थंडीने बोटं अजून वळत नव्हती.
त्या कागदाचा दावा होत नाही,
फायलीत ठेवायचं काही कारण नाही.
ठेवला आहे.

बादली भरत आली.
ओतून यायला हवी.